परमुलखातील आखाडा : एका जुन्या वादाचा आढावा

इंग्लंडात जड वजनाचा एखादा मुष्टियोद्धा आपल्या देशातील प्रतिस्पर्ध्यांस पुरून उरला, की त्याने आता अमेरिकेत जाऊन लढावे, की घरच्याच प्रेक्षकांसमोर राहून कीर्ती आणि द्रव्य जोडावे, हा वाद तिकडे हटकून उपस्थित होतो, आणि शंभराहून अधिक वर्षे लोटली तरी तो मिटण्याचे चिन्ह दिसत नाही. वरवर पाहता, कोल्हापूर-सांगलीच्या तालमींचा आणि लाल मातीचा अभिमान बाळगणाऱ्या मराठी वाचकाचा या वादाशी काही संबंध पोहोचत नाही असे वाटेल. परंतु मातीत घडलेल्या आपल्या मल्लाने परक्या मुलखात, परक्या नियमांनी, परक्या पंचांच्या देखत लढावे काय, हा जो प्रश्न आपल्याकडे विसाव्या शतकाच्या आरंभापासून पुनःपुन्हा निघत आला आहे, तो त्याच कुळीतला आहे. जावे म्हणणारे आणि जाऊ नये म्हणणारे असे दोन पक्ष तिकडेही आहेत आणि इकडेही. दोन्हीकडे भावना पुष्कळ आणि पुरावा थोडा पुढे केला जातो. म्हणून दोन्ही परंपरांतील ठळक प्रसंग एकत्र मांडून त्यांतून काही निर्णय निघतो काय, हे पाहण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

प्रथम इंग्रजांचा दाखला घेऊ. कॉर्नवॉलमध्ये जन्मलेल्या बॉब फिट्झसिमन्सने १७ मार्च १८९७ रोजी अमेरिकेतील नेवाडा संस्थानात जेम्स कॉर्बेट यास पाडून जड वजनाचे जागतिक अजिंक्यपद मिळविले. तथापि त्याचे बालपण न्यूझीलंडमध्ये आणि उमेदवारी ऑस्ट्रेलियात गेली असल्यामुळे तो निव्वळ इंग्लंडचा म्हणावा की नाही, याविषयीच मतभेद होऊ शकतो. त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षे ब्रिटनचा एकही मुष्टियोद्धा त्या पदापर्यंत पोहोचला नाही, आणि अमेरिकेत जाऊन परतलेल्यांची यादी ही बहुतांशी पराभवांची यादी होऊन बसली. वेल्सच्या कोळशाच्या खाणींतून आलेला टॉमी फार ३० ऑगस्ट १९३७ रोजी न्यूयॉर्कच्या यँकी स्टेडियमवर जो लुईससमोर पूर्ण पंधरा फेऱ्या उभा राहिला आणि केवळ गुणांवर हरला. या पराभवाने त्याची कीर्ती घटण्याऐवजी वाढली, पण त्या कीर्तीच्या बळावर तो अमेरिकेतच राहिला आणि तेथील पुढच्या चारही लढती हरला. डॉन कॉकेल १९५५ साली सॅन फ्रान्सिस्कोत रॉकी मार्सियानोपुढे नवव्या फेरीपर्यंत टिकला. फ्रँक ब्रुनो १९८९ आणि १९९६ अशा दोन वेळा लास व्हेगास येथे माइक टायसनसमोर गेला आणि दोन्ही वेळा शेवटच्या फेरीपर्यंत पोहोचू शकला नाही. मधल्या काळात, १९९५ च्या सप्टेंबरात, त्याने अजिंक्यपदाचा एक पट्टा मिळविला तो मात्र लंडनच्या वेम्बलीत. आणि ज्याच्याविषयी इंग्रज प्रेक्षकांस सर्वांत अधिक जिव्हाळा वाटला त्या हेन्री कूपरने १९६३ साली लंडनमध्येच कॅशियस क्लेला जमिनीवर बसविले, आणि १९६६ साली अजिंक्यपदासाठी त्याच्याशी दुसऱ्यांदा गाठ पडली तीही लंडनमध्येच, जेथे डोळ्यावरच्या जखमेने सहाव्या फेरीत लढत थांबली.

या यादीवरून 'जाऊ नये' हा पक्ष आपला निर्णय तात्काळ देऊन मोकळा होतो. परंतु पराभवांची कारणे एकेक तपासू लागले की तो निर्णय इतका सरळ राहत नाही. लुईस, मार्सियानो आणि टायसन हे त्या त्या काळी जगात कोठेही कोणासही भारी होते. त्यांनी लंडनमध्ये येऊन मुष्टी चालविल्या असत्या तरी निकाल फारसा पालटला नसता. भूमीचा दोष आणि योद्ध्याच्या मर्यादेचा दोष यांची गल्लत झाल्यामुळेच या वादात इतकी धूळ उडाली आहे. ही गल्लत टाळावयाची तर ज्या लढतींत दोन्ही बाजू तुल्यबल होत्या, अशाच लढती पुराव्यात घेतल्या पाहिजेत, आणि अशा लढतींकडे पाहू लागताच एक निराळीच गोष्ट लक्षात येते.

रँडॉल्फ टर्पिन हा मध्यम वजनाचा, पण त्याचे उदाहरण येथे बोधप्रद आहे. १० जुलै १९५१ रोजी लंडनमध्ये त्याने शुगर रे रॉबिन्सनसारख्या अद्वितीय योद्ध्यास पंधरा फेऱ्यांत गुणांवर हरविले. पण करारनाम्यात परत-लढतीचे कलम घातलेले असल्यामुळे अवघ्या चौसष्ट दिवसांनी, १२ सप्टेंबर रोजी, त्यास न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर उभे राहावे लागले, आणि दहाव्या फेरीत लढत थांबून पद गेले. टर्पिनचे पद त्याच्या मुष्टींनी मिळविले होते, पण ते किती दिवस आणि कोणत्या भूमीवर राखावयाचे हे मात्र प्रतिपक्षाच्या कारभाऱ्यांनी आधीच कागदावर लिहून ठेवले होते.

याहून अधिक गाजलेला प्रसंग म्हणजे ब्रिटनचा लेनॉक्स लुईस आणि इव्हँडर होलिफील्ड यांची १३ मार्च १९९९ ची न्यूयॉर्कमधील लढत. बारा फेऱ्यांत लुईसचे वर्चस्व होते असे जवळजवळ सर्वांस दिसले, आणि तरीही निकाल बरोबरीचा लागला. तेव्हा अमेरिकन पंचांनी इंग्रजाचा हक्क हिरावून घेतला अशी ओरड लंडनमध्ये उठली. पण निकालपत्र उघडून पाहिले असता काय दिसते? अमेरिकन पंचाने होलिफील्डच्या बाजूने कौल दिला हे खरे. दक्षिण आफ्रिकेच्या पंचाने लुईसच्या बाजूने दिला. आणि ज्याच्या कौलाने लढत बरोबरीत सुटली, तो तिसरा पंच ब्रिटिश होता. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात लास व्हेगास येथे लुईसने तीच लढत पुन्हा करून एकमताने जिंकली. परभूमीत अन्याय होतो ही समजूत खोटी नाही, परंतु अन्याय करणारा प्रत्येक वेळी परभूमीचाच असतो असेही नाही.

अलीकडच्या वीस वर्षांत या वादाचे अर्थकारणच पालटून गेले आहे. पूर्वी जड वजनाची मोठी रक्कम केवळ न्यूयॉर्क, शिकागो किंवा लास व्हेगास येथेच मिळे, म्हणून तेथे जाणे भाग होते. २०१७ च्या एप्रिलमध्ये अँथनी जोशुआ आणि व्लादिमीर क्लिचको यांची लढत वेम्बली स्टेडियमवर सुमारे नव्वद हजार लोकांनी पाहिली, तेव्हा ती सक्ती संपली हे उघड झाले. तरीही जोशुआ १ जून २०१९ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये प्रथमच अमेरिकेत उतरला, आणि ऐन वेळी बदली म्हणून आलेल्या अँडी रुईझकडून चार वेळा खाली पडून सातव्या फेरीत हरला. याउलट टायसन फ्युरी २०१३ सालीच त्याच वास्तूत लढून, खाली पडून, उठून आणि जिंकून आला होता. पुढे २०१८ मध्ये लॉस एंजेलिसला डिऑन्टे वाइल्डरशी बरोबरी, आणि २२ फेब्रुवारी २०२० रोजी लास व्हेगास येथे त्याच वाइल्डरवर निर्विवाद विजय, अशी त्याची पायरी चढत गेली. दोघेही धिप्पाड, दोघेही अजिंक्यवीर. एकाने अमेरिका प्रथम पाहिली ती सर्वस्व पणास लावून, दुसऱ्याने पाहिली ती मोठे पद हाती येण्याच्या कितीतरी आधी. जोशुआचा कारभार मात्र इतका चोख होता की परत-लढतीचे कलम या वेळी त्याच्या बाजूने होते, आणि त्या कलमाच्या आधारे सहा महिन्यांनी सौदी अरबस्तानात त्याने सर्व पट्टे परत मिळविले. पुढे फ्युरी आणि जड वजनाचाच दुसरा योद्धा उसिक यांच्या २०२४ मधील दोन्ही लढतीही रियाध येथेच झाल्या. म्हणजे अमेरिकेत जावे काय, हा मूळ प्रश्न आता 'मोठी रक्कम जेथे असेल तेथे जावे काय' एवढाच उरला आहे.

आता आपल्याकडे वळू. हिंदुस्थानी मल्लांच्या परदेशगमनाचा पहिला विख्यात अध्याय १९१० सालचा. त्या वर्षी गामा, त्याचा भाऊ इमामबक्ष आणि आणखी काही मल्ल लंडनला गेले. पण गामाची उंची पाच फूट सात इंच, एवढ्या कारणावरून त्यास स्पर्धेत घेण्याचे तेथील मंडळींनी नाकारले, तेव्हा त्याने जाहीर आव्हान देऊन लोकांचे लक्ष वेधून घेतले. अमेरिकेच्या बेंजामिन रोलर या मल्लास त्याने लोळविले आणि १० सप्टेंबर रोजी पोलंडच्या स्टॅनिस्लॉस झ्बिस्कोशी त्याची कुस्ती नेमली गेली. झ्बिस्को अडीच तासांहून अधिक काळ पोटावर पालथा पडून राहिला. कुस्ती बरोबरीत थांबली, दुसरी तारीख ठरली, त्या तारखेस झ्बिस्को आलाच नाही आणि 'जॉन बुल' पट्टा गामास मिळाला. अमेरिकेचा त्या काळचा अजिंक्य मल्ल फ्रँक गॉच याच्याशी गामाची गाठ कधीच पडली नाही. पुढे १९२८ च्या जानेवारीत झ्बिस्को स्वतः पतियाळास आला, आणि तेथील मातीत गामाने त्यास एका मिनिटाच्या आत चितपट केले. या दोन कुस्त्यांवरून गादीवरचा गामा आणि मातीतला गामा असे दोन मल्ल मानण्याची आपल्याकडे प्रथा पडली आहे. परंतु दोहोंच्या दरम्यान सतरा वर्षांहून अधिक काळ गेला होता आणि झ्बिस्को पन्नाशीच्या घरात आला होता, हे विसरून चालणार नाही. लंडनमध्ये गामास खरी अडचण भूमीची पडली नाही, ती नियमांची पडली: पालथे पडून राहणे हा आपल्या आखाड्यात लाजिरवाणा प्रकार असला, तरी तेथील नियमांनी त्यास आडकाठी केली नव्हती.

मराठी मुलखात मल्लविद्येस राजाश्रय देण्याचे श्रेय राजर्षी शाहू छत्रपतींचे. १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकानिमित्त ते विलायतेस गेले, त्या प्रवासात रोमचे प्राचीन क्रीडागार त्यांनी पाहिले, आणि त्याच्या धर्तीवर कोल्हापुरात खासबाग मैदान उभारले गेले, ते १९१२ साली पुरे झाले. वर्तुळाकार उतरती बैठक आणि मध्ये मातीचा हौद अशी ही रचना, की हजारो प्रेक्षकांपैकी शेवटच्या रांगेतल्यालाही डाव स्पष्ट दिसावा. परदेशी जाऊन काय आणावे, याचे उत्तर त्या एका वास्तूने दिले आहे. छत्रपतींनी विलायतेतून रोमची नुसती नक्कल आणली नाही. आपल्या मातीस शोभेल असे मैदान आणले, आणि त्यानंतर उत्तरेचे नामांकित मल्ल तेथे लढण्यास येऊ लागले. 'घरीच राहावे' म्हणणारा पक्ष हेच उदाहरण आपल्या बाजूने देतो: मैदान एवढे थोर करा की जगानेच तुमच्याकडे यावे. हा विचार तेजस्वी आहे. पण त्यास राजाचा खजिना लागतो, आणि संस्थाने विलीन झाल्यावर तो खजिना उरला नाही.

१९२० साल उजाडले तेव्हा प्रश्नाने नवे रूप घेतले होते. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या आणि सर दोराबजी टाटांच्या पुढाकाराने अँटवर्प येथील ऑलिंपिकसाठी सहा खेळाडूंचे पथक गेले. त्यात बेळगावकडचा धावपटू फडेप्पा चौगुले होता आणि कुमार नवले व रणधीर शिंदे हे दोन मल्ल होते. शिंदे हलक्या वजनात चौथे आले. तिसरे स्थान ब्रिटनच्या फिलिप बर्नार्डकडे गेले. गादीवर सराव नाही, वजनगटांची सवय नाही, गुणांच्या हिशेबाची ओळख नाही, अशा स्थितीत पहिल्याच खेपेस चौथा क्रमांक यावा ही लहान गोष्ट नव्हे. पण ही गोष्ट आपण लवकर विसरलो, आणि जिंकलो नाही एवढेच लक्षात ठेवून मल्ल परदेशी पाठविण्याची व्यवस्था पुढे कित्येक वर्षे ढिली पडू दिली.

या वादातील सर्वांत मोलाचा मराठी साक्षीदार म्हणजे खाशाबा दादासाहेब जाधव. कऱ्हाड तालुक्यातील गोळेश्वर येथे १५ जानेवारी १९२६ रोजी जन्मलेला, कऱ्हाडच्या टिळक हायस्कुलात आणि नंतर कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात शिकलेला हा ठेंगणा, चपळ, ढाक डावात निष्णात असलेला मल्ल १९४८ साली लंडन ऑलिंपिकला गेला तो कोल्हापूरच्या महाराजांनी खर्चाची तजवीज केली म्हणून. तोपर्यंत त्याने गादीवर कुस्ती जवळजवळ खेळलीच नव्हती; तेथेच रीस गार्डनर या अनुभवी मार्गदर्शकाकडून काही शिकून घेऊन तो सहावा आला. सहाव्या क्रमांकास पदक नसते, आणि त्या काळच्या वृत्तपत्रांतही त्याला फारशी जागा मिळाली नाही. तथापि १९५२ चा सारा इतिहास या सहाव्या क्रमांकावर उभा आहे. गादीवर पाय कोठे रोवायचा, दोन लढतींमध्ये श्वास कसा सांभाळायचा, गुणांचा हिशेब कसा ठेवायचा, हे त्यास लंडनमध्ये हरताना कळले, आणि चार वर्षे त्याने त्यावर घालविली.

हेलसिंकीच्या निवडीतच अडथळा आला. मद्रासच्या चाचणीत एका गुणाने आपणास डावलले गेले, अशी खाशाबांची तक्रार होती. भारतीय ऑलिंपिक संघटनेचे अध्यक्ष असलेल्या पतियाळाच्या महाराजांकडे त्यांनी दाद मागितली, पुन्हा कुस्ती लावली गेली, आणि त्यांनी प्रतिस्पर्ध्यास चितपट करून आपला हक्क सिद्ध केला. मग पैशाचा प्रश्न आला. मुंबई सरकारकडे चार हजार रुपयांची मागणी करून ती नाकारली गेली, असे सांगतात. राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी मात्र स्वतःचे घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले, आणि गावकऱ्यांनी आपल्या ऐपतीप्रमाणे वर्गणी घातली. २३ जुलै १९५२ रोजी खाशाबांनी बँटम वजनात कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. त्याच स्पर्धेत कोल्हापूरचेच केशव मांगावे त्यांच्या वजनगटात चौथे आले. यानंतर दुसरे वैयक्तिक पदक येण्यास १९९६ साल उजाडावे लागले, आणि कुस्तीतील दुसरे पदक येण्यास २००८.

परंतु पदकापेक्षाही एक घटना येथे अधिक विचार करण्याजोगी आहे. जपानच्या इशीशी लांबलेली कुस्ती संपते न संपते तोच खाशाबांस सोव्हिएत मल्ल मामादबेकॉव्हविरुद्ध उभे राहण्यास सांगण्यात आले. दोन लढतींमध्ये किमान अर्धा तास विश्रांती मिळावी असा नियम असताना ती मिळाली नाही, कारण ती मागण्यास त्या क्षणी त्यांच्या बाजूचा एकही अधिकारी हजर नव्हता. इशीने सुवर्ण आणि मामादबेकॉव्हने रौप्य मिळविले. खाशाबा सुवर्ण जिंकलेच असते असे कोणी छातीठोकपणे म्हणू शकणार नाही. पण त्यांस जे हक्काने मिळावयास हवे होते, ते मागण्यासाठी मुखत्यार नव्हता, एवढे निश्चित. नियम त्यांच्या बाजूने छापलेला होता आणि तो उघडून दाखविणारा माणूस मात्र जागेवर नव्हता.

पदक घेऊन परतल्यावर त्यांची कऱ्हाडपासून गोळेश्वरपर्यंत बैलगाड्यांची भव्य मिरवणूक निघाली. पण प्राचार्यांचे कर्ज फेडण्यासाठी त्याच खाशाबांनी कुस्त्यांचे मैदान भरवून पैसा उभा केला. १९५५ साली ते पोलीस खात्यात फौजदार झाले, साहाय्यक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले, १४ ऑगस्ट १९८४ रोजी अपघातात निवर्तले, आणि अर्जुन पुरस्कार त्यांस मरणोत्तर मिळाला. आता त्यांचा जन्मदिवस राज्याचा क्रीडादिन म्हणून पाळला जातो. उशिरा का होईना, हिशेब मिटविण्याचा तो एक प्रयत्न आहे.

खाशाबांनंतरच्या पिढीने हा धडा काही अंशी घेतला. १९६२ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत कवठे पिरानचे मारुती माने यांनी एक सुवर्ण व एक रौप्य, आणि गणपतराव आंदळकर यांनीही एक सुवर्ण व एक रौप्य आणले. मातीतली ताकद गादीवर चालत नाही, या समजुतीस त्या चार पदकांनी परस्पर उत्तर दिले. पुढे महाराष्ट्र केसरी स्पर्धेतच माती विभाग आणि गादी विभाग असे दोन भाग करून दोहोंच्या विजेत्यांची अखेरची कुस्ती लावण्याची पद्धत रूढ झाली, ही परक्या नियमांची सवय घरीच लावण्याची शहाणी योजना होय. मुंबईत वाढलेल्या नरसिंग यादवने २०१५ साली लास व्हेगास येथील जागतिक स्पर्धेत कांस्यपदक घेतले, आणि पुण्यात काका पवारांच्या तालमीत तयार झालेल्या बीडच्या राहुल आवारेने २०१८ साली गोल्ड कोस्टला राष्ट्रकुल सुवर्ण आणि २०१९ साली नूर-सुलतान येथे अमेरिकेच्या मल्लास हरवून जागतिक कांस्य मिळविले. मुष्टियुद्धातही नागपूरच्या अल्फिया पठाण हिने २०२१ साली पोलंडमध्ये युवा जागतिक स्पर्धेत ८१ किलोंवरील गटाचे, म्हणजे सर्वांत जड वजनाचे, सुवर्ण जिंकले. यांपैकी कोणीही प्रथमच परभूमी पाहत नव्हते; संघटना, प्रशिक्षक, वैद्य आणि पंचांपुढे तक्रार मांडणारा व्यवस्थापक, असे सारे त्यांच्या पाठीशी होते.

व्यावसायिक मुष्टियुद्धाचा पुरावा अजून थोडा आहे, पण तो मोठा मार्मिक आहे. २००८ चा ऑलिंपिक कांस्यपदकविजेता विजेंदर सिंग २०१५ साली व्यावसायिक झाला. पहिली लढत त्याने मँचेस्टरला जिंकली, २०१९ च्या जुलैत अमेरिकेतील नेवार्क येथेही जिंकली, आणि सलग बारा लढतींत त्यास पराभव ठाऊक नव्हता. तो पराभव आला १९ मार्च २०२१ रोजी, आणि आला तोही पणजीस, मांडवीत नांगरलेल्या एका जहाजावरील रिंगणात, एका रशियन योद्ध्याकडून पाचव्या फेरीत. परक्या भूमीत भारतीय हरतो आणि घरी जिंकतो, या सिद्धांताची इतकी सरळ उलटापालट दुसरीकडे सापडणे कठीण.

एवढा पुरावा समोर ठेवून दोन्ही पक्षांची बाजू आता संक्षेपाने मांडता येईल. न जाण्याच्या बाजूने तीन कारणे खरोखर वजनदार आहेत. पहिले, मल्लाचे आयुष्य अल्प असते; खुराक, मेहनत आणि दुखापत यांचा हिशेब बसवून त्याच्या हाती जोमाची दहा-बारा वर्षे उरतात, आणि त्यांतली दोन परदेशी प्रवासात गेली तर घरची मैदाने आणि इनामे हातची जातात. दुसरे, नियम आणि पंच परके असतात. ब्रिटनमध्ये दीर्घकाळ रिंगणातील एकटाच पंच गुण देत असे आणि अमेरिकेत बाहेर बसलेले निर्णायक, एवढ्या फरकानेही लढण्याची पद्धत पालटावी लागे. तिसरे, खर्च. घर गहाण टाकून मल्ल पाठविण्याची वेळ पुन्हा कोणावर येऊ नये.

जाण्याच्या बाजूनेही तीनच कारणे सांगता येतात, पण ती अधिक टिकाऊ आहेत. घरच्या मैदानात कोण श्रेष्ठ हे कळते, जगात आपण कोठे आहोत हे कळत नाही. आणि हे कळल्याखेरीज विद्या वाढत नाही. परभूमीत झालेला पराभव हा शिक्षणाचा खर्च म्हणून मोजला तर तो बहुधा वसूल होतो. खाशाबांचा सहावा क्रमांक आणि फ्युरीची २०१३ ची ती अवघड लढत याचीच साक्ष देतात. आणि तिसरे कारण हे, की इतिहासात टिकतो तो परक्या पंचांसमोर मिळविलेला विजय. घरच्या विजयावर कोणीतरी शंका घेतोच.

तरीही दोन्ही पक्ष ज्या गोष्टीस शेवटी बगल देतात ती अटींची गोष्ट आहे. पालघर जिल्ह्यातील डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात हे निराळे समजावून सांगण्याची गरज पडू नये. आज तलासरी तालुक्यात मोडणाऱ्या झरी गावी २३ मे १९४५ रोजी जमलेल्या वारली शेतमजुरांनी, गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर यांच्या साहाय्याने, वेठ करावयाची नाही आणि बारा आण्यांच्या रोजाखेरीज सावकाराच्या शेतावर पाऊल ठेवावयाचे नाही, असा निश्चय केला. त्यांचा झगडा कामावर जावे की न जावे याचा नव्हता, कोणत्या दराने आणि कोणाच्या शब्दावर जावे याचा होता. टर्पिनच्या गळ्यात चौसष्ट दिवसांचे कलम पडले, जोशुआच्या हाती परत-लढतीचे कलम राहिले, खाशाबांच्या वाट्याचा अर्धा तास कोणी मागितला नाही. तिन्ही ठिकाणी निकाल बराचसा आखाड्याबाहेर लागला.

म्हणून या प्रश्नाचा निर्णय असा द्यावा लागतो. मल्लाने, मुष्टियोद्ध्याने, मग तो मँचेस्टरचा असो वा सांगलीचा, परमुलखात अवश्य जावे. पण सर्वस्व पणास लावून पहिल्यांदा जाऊ नये. पहिली खेप शिकण्याची असावी, दुसरी जिंकण्याची. करारनामा सही करण्यापूर्वी आपल्या माणसाने वाचलेला असावा, आणि परत-लढतीचे कलम दोन्ही बाजूंस सारखेच लागू असावे. आखाड्याच्या कडेला नियम तोंडपाठ असलेला, वेळेवर आवाज उठविणारा मुखत्यार हजर असावा. आणि खर्चाचा भार एखाद्या सहृदय शिक्षकाच्या घरावर न पडता संघटनेच्या व सरकारच्या दफ्तरात आधीच मांडलेला असावा. पालघरसारख्या जिल्ह्यांतून, जेथे काटक देह विपुल आणि तालमी दुर्मिळ आहेत, उद्या एखादा मुलगा किंवा मुलगी या वाटेने निघाली, तर जिल्हा क्रीडा कार्यालयाने आणि गावकऱ्यांनी त्याच्या वा तिच्या सत्काराची तयारी मागाहून करावी. आधी या चार गोष्टींची पूर्तता झाली आहे की नाही ते पाहावे.